मशीनची जुनी समजूत

सत्त्याऐंशीच्या दुष्काळात आमच्या साखर कारखान्याला कम्प्युटरची हौस आली. माणसांना प्यायला पाणी नव्हतं आणि मशीनला थंड खोली. मी शेतकी खात्यातला कारकून, माझा नुसता जळफळाट व्हायचा. चालवायला पोरगा मात्र चांगला मिळाला, जळकोटचा मच्छिंद्र. मला अण्णा म्हणायचा.

कुणाचा ऊस आधी तोडायचा तो क्रम मशीन लावायचं. त्याचे नियम मच्छिंद्रनं एका फाइलीत लिहिले होते. ते वाचून समजून घ्यायला मशीनला अर्धा तास लागे आणि तेवढ्यात वीज जाई. म्हणून त्यानं एक सोय केली, कुठल्याही प्रोग्रॅमला वापरता येईल अशी. फाइल एकदा वाचली की मशीननं समजलेलं डिस्कवर तयार ठेवायचं. पुढच्या वेळी दोन्हींच्या तारखा बघायच्या. फाइल त्यानंतर बदललेली नसेल तर तयार तेच वापरायचं. काम मिनिटात व्हायला लागलं. "म्हणजे सकाळचाच चहा गरम करून देतोस," मी चिडवायचो. तो हसायचा.

फेब्रुवारीत संचालकांनी ठरवलं, विहीर आटलेल्यांचा ऊस आधी तोडायचा. मच्छिंद्रनं लगेच नियम बदलला. त्याच्या वडिलांची, श्रीपतींची, विहीर आटली होती. एकरभर ऊस उभ्या उभ्या वाळत होता आणि घराचं वर्ष त्या एकरावर होतं.

मी म्हणालो, "साहेबांना सांगून तुझ्या वडिलांचं नाव वर घालू. सगळेच घालतात."

"नको अण्णा. आमच्या वस्तीला आजवर हात जोडूनच मिळालं. ही तोडीची चिठ्ठी हक्कानं येऊ द्या."

मधे एकदा श्रीपती कारखान्यावर आले. गावातला कल्याणप्पा छावणीतल्या जनावरांसाठी हिरवा ऊस विकत मागत होता. "देऊ का?" त्यांनी लेकाला विचारलं.

"थांबा दादा. चिठ्ठी येतीय."

चिठ्ठी आली नाही. क्रम जुनाच निघत राहिला. मच्छिंद्र नियम पुन्हा पुन्हा वाचायचा, शब्दन् शब्द बरोबर. मग विहिरींची माहितीच चुकली असेल म्हणून तलाठ्यांच्या मागं लागायचा.

घोळ वेगळाच होता. वीज गेली की आमचं मशीन तारीख विसरायचं. चालू करताना विचारायचं, पण सगळे नुसतं बटण दाबून पुढं जात, मच्छिंद्रसुद्धा. मग मशीनच्या लेखी एक जानेवारी ऐंशी. कागदावर आम्ही रबरी शिक्क्यानं खरी तारीख उठवायचो, त्यामुळं कुणाचं अडत नसे. बदललेल्या फाइलीवरही ऐंशी साल पडलं. तयार ठेवलेली समजूत मात्र सत्त्याऐंशीची, पुण्याच्या इंजिनिअरनं मशीन बसवताना तारीख नीट घातली होती तेव्हाची. मशीनला वाटे, फाइल जुनीच आहे, वाचायची गरज नाही. नवा नियम त्यानं एकदाही वाचला नव्हता.

हे मच्छिंद्रच्या ध्यानात आलं तेव्हा मार्च सरत आला होता. त्यानं जुनी समजूत पुसली आणि श्रीपतींचं नाव वर आलं. चिठ्ठी घेऊन ऊसतोड टोळीच्या ट्रकमधून तो स्वतः निघाला. मीही बसलो.

ऊस पांढरा पडला होता. मुकादमानं कांडं मोडून पाहिलं. "कारखाना ह्यो घ्यायचा न्हाय. रसच न्हाय ह्यात."

मच्छिंद्र वडिलांपुढं उभा राहिला. "दादा, म्या नियम लिहिला हुता. मशीननं वाचलाच न्हाय. चूक माझी हाय. कल्याणप्पाला तवाच दिला असता तर..."

श्रीपतींनी चिठ्ठी हातात घेतली. "आपलं नाव हाय व्हय ह्याच्यावर?"

"व्हय."

"कुणाच्या पाया न पडता?"

"व्हय दादा."

ते मुकादमाकडं वळले. "तोडा."

"अहो, पण..."

"तोडा म्हणतो न्हवं. समदं गाव बांधावर उभं हाय. माझ्या लेकाची चिठ्ठी आली आन् टोळी हात हलवत माघारी गेली, असं दिसाय नगं."

टोळी जागची हलेना. तेव्हा श्रीपतींनी एकाचा कोयता घेतला आणि सरीत शिरले. मला रडू आवरेना. मच्छिंद्र खाली बसून मोळ्या बांधायला लागला. कुठंच न जाणारा तो ऊस बापलेक दिवस मावळेपर्यंत तोडत राहिले.