उभी राहिलेली आदोळी

मित्रांनो, माझ्याजवळ येताना जरा जपून या. मी एक जुनी आदोळी आहे. तुमच्या घरी मला विळी म्हणत असतील. फणसाच्या लाकडाचा पाट, त्यावर वाकडे पाते आणि पात्याच्या टोकाला नारळ खवायचे दाते, एवढाच माझा देह. पात्याला आता पूर्वीची धार नाही. तरीही जपूनच या. का ते सांगण्यासाठीच तर मी तोंड उघडले आहे.

माझा जन्म तेरेखोल नदीपलीकडचा, आजच्या सिंधुदुर्गातला. भिकाजी लोहाराने एका झिजलेल्या कोयत्याचे लोखंड तापवून माझे पाते घडवले. गावातली एक मुलगी नदीच्या या तीराला, गोव्यातल्या पेडण्यात द्यायची होती. तिच्या आईने भांड्याकुंड्यांबरोबर मलाही पाठवले. तेव्हा इकडे पोर्तुगिजांचे राज्य होते. होडीतून उतरल्यावर पहाऱ्यावरच्या शिपायाने मला उलटसुलट करून पाहिले आणि हे हत्यार कशाला, असे खुणेनेच विचारले. ती मुलगी खाली वाळूत बसली, मला पायाखाली धरले आणि शिपायासमोर एक नारळ अर्धा खवून दाखवला. शिपाई हसला आणि आम्हांला सोडले. ती मुलगी म्हणजे गंगा. पुढे सगळा वाडा तिला गंगाआजी म्हणू लागला.

आजीने माझ्यावर किती नारळ खवले याचा हिशेब मी ठेवला नाही. तिचे नियम मात्र मला पाठ आहेत. मला कोणी ओलांडायचे नाही. माझ्यावर बसून भांडायचे नाही. भांडण निघालेच तर आजी आधी उठायची, मला आडवी करायची, पाते भिंतीकडे वळवायची आणि मगच कंबरेवर हात ठेवून तोंड सोडायची. तोवर तिचा अर्धा राग उतरलेला असायचा. सगळ्यांत कडक नियम शेवटचा. काम झाले, कोणी हाक मारली, घराला आग जरी लागली, तरी मला उभी सोडून उठायचे नाही.

आजीचा मुलगा कृष्णनाथ मुरगाव बंदरात कारकून होता. शनिवारी घरी यायचा, सोमवारी पहाटेच्या बसने परत जायचा. त्याची बायको विनोदिनी शाळेत शिक्षिका. त्यांची मुलगी गौरवी, आणि तिच्यामागून कितीतरी वर्षांनी झालेला साईश. त्या दिवसांत गोव्यात मराठी की कोंकणी यावरून मोठे रण माजले होते. आमच्या ओट्यावरही शेजारी आवाज चढवून वाद घालत. आजी आतून ओरडायची, "आधी जेवा, मगे भांडा! पोटाक भास कळणा नाय!" ती पोथी मराठीत वाचायची आणि गाईला कोंकणीतून शिव्या द्यायची. तिचे काही अडत नव्हते.

गौरवी नऊ वर्षांची झाली तेव्हा आजीने तिला माझ्यावर बसवले. पोरीचा गुडघा पाटावर नीट टेकेना. आजी मागे बसून तिचे दोन्ही हात धरायची.

"घाय करू नको गो. पांढरां तेवढांच काढ. काळां लागला की थांबूचां."

"आणि थांबलंय नाय तर?"

"तर सगळी आमटी काळी. थांबूचां खंय ता हाताक कळाक होया."

मित्रांनो, त्या दोघींचे हात माझ्यावरून फिरत तेव्हा मी फार सुखात होते.

गोवा राज्य झाले तो मे महिन्यातला शनिवार. संध्याकाळी तिठ्यावर फटाके वाजू लागले, कोणीतरी ढोल आणला. घरात रात्रीचे जेवण शिजत होते. आजी विहिरीवर गेली होती आणि गौरवी एकटीच नारळ खवत बसली होती. ढोलाचा आवाज आला. पोर कशी थांबणार? हातातली नारळाची कवड ताटात टाकून ती धावली. मी उभीच राहिले.

दीड वर्षाचा साईश दुडुदुडु चालत आला. पात्याला लागलेले पांढरे खोबरे त्याला हवे होते. त्याने मुठीत धरले ते पातेच. मी लोखंड आहे, मला मागे सरता येत नाही. पुढचे मी सांगणार नाही. म्हापशाच्या इस्पितळात टाके घातले, हात वाचला, पण उजव्या हाताची दोन बोटे वाकडी राहिली ती कायमचीच.

रात्री कृष्णनाथाने स्वयंपाकघरात उभे राहून विचारले, "आदोळी उभी कोणी ठेवली?" गौरवी दाराआड उभी होती. आजीने तिच्याकडे एकदाच पाहिले.

"माझ्यान ऱ्हवली. मीच इसारलंय," आजी म्हणाली.

कृष्णनाथ ओरडला नाही. ओरडला असता तर बरे झाले असते. तो खाली बघत म्हणाला, "आई, आजपासून तू चुलीकडे येव नको. पोराकडे पण नको." आणि विनोदिनीने आजीच्या पुढून झोपलेला साईश उचलून घेतला.

आजीची खाट मागच्या पडवीत गेली. मलाही धुऊन तिथेच खुंटीला अडकवले. घरात मिक्सर आला. दुसऱ्याच दिवशी गौरवी पडवीत आली. "आजये, मी बाबांका सांगतंय."

"गप ऱ्हव. पोरग्याचो हात बघून तुका जल्मभर सगळे बोलतले. माझे कितके दीस ऱ्हवलेत? माका बोलांदेत. सांगा नको."

ज्या बाईने मला घडीभर उभी सोडू दिले नाही, तिने एवढे मोठे खोटे तसेच उघडे ठेवले. मित्रांनो, आजीवर माझा जीव होता. पण तिथे ती चुकली. मला बोलता आले असते तर मी त्याच दिवशी ओरडून सांगितले असते.

कारण पुढे काय झाले पाहा. गौरवी आधी रोज यायची. मग दोन दिवसांनी, मग सणासुदीला. आजीचा चेहरा बघितला की तिला स्वतःची चूक दिसायची, म्हणून ती पडवीकडे बघायचीच बंद झाली. शाळेतून आली की पुढच्या दाराने आत शिरायची. आजी खाटेवर बसून तिच्या चपलांचा आवाज ऐकायची. आवाज आत गेला की पदराने डोळे पुसायची आणि मला सांगायची, "पोरग्यांका अभ्यास असता गो." मला ते खरे वाटायचे नाही. तिलाही नव्हते वाटत.

साईश मोठा झाला तो आजीला भिऊनच. पेजेचे ताट आणायचा, उंबऱ्याबाहेर ठेवून पळायचा. अशी सहा वर्षे गेली.

त्या वर्षीच्या गणपतीच्या चवथीला घर पाहुण्यांनी भरले. विनोदिनीचा भाऊ सगुण मुंबईहून आला होता. पडवीत येऊन तो आजीच्या पाया पडला आणि मागे उभ्या साईशचा हात बघून म्हणाला, "अरे, हे काय झाले?"

साईशने आजीकडे बोट दाखवले. "हिणांच माझी बोटां कापली."

आजी हसली. हो म्हणून मान हलवली. त्या हसण्याने माझ्या लोखंडालाही चीर पडली असती.

दारात कोणाचे तरी ताट खाली पडले. गौरवी होती. पंधरा वर्षांची, नवे परकर-पोलके, हातात नैवेद्याचे ताट. ते आता जमिनीवर होते.

"आजयेन न्हय," ती म्हणाली. "मी. फटाके बघूक धावलंय, नि आदोळी उभीच ठेवलंय. आजयेन सगळां आपल्यावर घेतल्यान."

कृष्णनाथ आला, विनोदिनी आली. गौरवी खाटेजवळ गुडघ्यांवर बसली आणि रडत म्हणाली, "आजये, तूच माका सांगा नको म्हटलंस!"

आजीने तिची हनुवटी वर केली. सहा वर्षांत तिने कोणाला एक शब्द बोल लावला नव्हता. तो त्या दिवशी लावला.

"सांगा नको म्हटलंय गो. येव नको खंय म्हटलंय?"

गौरवीने आजीच्या मांडीत तोंड लपवले.

कृष्णनाथाने मला खुंटीवरून काढले. विहिरीवर नेऊन स्वतः घासले. मग स्वयंपाकघरात, करंज्यांची तयारी चालली होती तिथे, पाट मांडला आणि आईला हाताला धरून आणले. "आई, नेवऱ्यांक नारळ होयो. तूच खव."

आजी माझ्यावर बसली. तिचे वजन आता काहीच नव्हते. तिने कवड दात्यांवर टेकवली, एकदा फिरवली, दुसऱ्यांदा ती हातातून निसटली आणि गडगडत गेली. तिसऱ्यांदाही तेच. बोटांत जोर उरला नव्हता. विनोदिनीने तोंडाला पदर लावला. शेवटी गौरवीने खवले. आजी बाजूला बसून बघत राहिली, आणि साईश हळूच येऊन तिच्या पाठीला टेकून बसला. आजी हललीही नाही, तो उठून जाईल म्हणून.

शिगमा यायच्या आत आजी गेली.

मित्रांनो, मला ओल लागली की गंज चढतो. चिंच आणि राख घेऊन घासले की तो निघतो. कृष्णनाथाने मला घासले तेव्हा मी पुन्हा चकाकले. पण त्या सहा वर्षांना घासायला घरात कोणाकडे काही नव्हते. मला धार लावा, तेल लावा असे मी तुम्हांला सांगत नाही. मला माळ्यावर टाकलेत तरी चालेल. तुमच्या हातून काही चुकले असेल आणि त्यापायी घरातले कोणी मागच्या पडवीत बसले असेल, तर आज शाळा सुटल्यावर पुढच्या दाराने आत जाऊ नका. मागून जा. बोलायचा धीर नसेल तर नुसते जाऊन बसा. ते तुमच्या चपलांचा आवाज ऐकत असतात.