यार्डात बायका नव्हत्या

"या यार्डात एकही बाई कामाला नव्हती," दोरीपलीकडच्या वाफेच्या इंजिनाकडे हात करून गाईड म्हणाला. "कामच तसं होतं. पुरुषांचं."

घोळक्यातले दोघंतिघं हसले. म्हातारीचं डोकं सणकलं.

"मग बावीस वर्षं इथली राख कोण उपसत होतं? तुझा बाप?"

मुलीने तिचा दंड दाबला. आई जिथे राबली ते रेल्वेचं जुनं यार्ड आता बघायला खुलं झालंय म्हणून तिनेच हौसेने तिकिटं काढली होती.

"आजी, मी सगळे जुने हजेरीपट चाळलेत," गाईड समजुतीने म्हणाला. "त्यात एकाही बाईचं नाव नाही."

"नसणारच. आम्ही ठेकेदाराकडच्या मजूर बायका. आमची नावं कोण लिहितोय?"

"असेल. पण नोंद नाही ना." त्याने तिच्याकडे पाठ केली. "चला मंडळी, पुढे."

ती पाठ बघितली आणि म्हातारीचा संयम सुटला. दोरीखालून वाकून ती आत शिरली. इंजिनाखाली, दोन रुळांच्या मधे, राख पाडायचा खोल खड्डा होता. टोकाच्या पायऱ्यांनी, दुखरा गुडघा दाबत, ती थेट खाली उतरली. खड्डा झाडूनपुसून लख्ख केलेला होता.

"चुना फासलाय मेल्यांनी," ती पुटपुटली.

मॅनेजर धावत आला. "आजी, वर या. लागेल काहीतरी."

"बावीस वर्षांत कोणी वर ये म्हटलं नाही. आजच बरा कळवळा आला."

"आई, ये ना," मुलगी काठावरून म्हणाली. "लोक बघतायत."

"बघू देत. त्या शहाण्यालाही बोलाव."

गाईड काठाशी आला. म्हातारीने खालूनच त्याच्याकडे बोट रोखलं.

"माझी थोरली जाऊ इथे वाकून राख ओढत होती. इंजिनावरच्याने हाक न देता जळते निखारे सोडले तिच्या अंगावर. तीन दिवस तडफडली. दाद मागायला गेले तर साहेबाने हजेरीची वही उघडली. म्हणाला, यार्डात बायका नाहीतच, मग भाजली कोण? आज तूही तेच सांगतोस. पगार जाईल या भीतीने तो तसं बोलला. तुला कशाची भीती?"

मॅनेजरने घड्याळ बघितलं.

"लेखी अर्ज द्या, विचार करू," तो म्हणाला. "मॅडम, तुम्ही तरी समजवा त्यांना."

मुलगी त्याच्याकडे बघत राहिली. काकू तापाने गेली, एवढंच तिला लहानपणापासून सांगितलेलं होतं. तिने खांद्यावरची पर्स उतरवली, त्याच्या हातात दिली.

"धरा जरा."

मग ऑफिसच्या कपड्यांनिशी ती पायऱ्या उतरली.

"कुठे होती काकू?"

भिंतीला हात लावत म्हातारी पावलं मोजत गेली, मधल्या चाकापाशी थांबली.

"इथे."

मुलगी तिथे जाऊन उभी राहिली. वर पुढच्या फेरीचा घोळका येऊन थांबला होता. एकही बाई नव्हती, हे वाक्य गाईडने या वेळी गाळलं.