शिंपीणबाईंचा ‘एकच ग्लास’

मी दवाखान्यातला एक जुना मापाचा ग्लास आहे, मित्रांनो. माझी कड उडाली आहे आणि अंगावरची रेघ पुसट झाली आहे. मला घडवलं औषधं मोजायला. पण समुपदेशक ताईंनी मला आपल्या टेबलावर नेलं. त्यांच्याकडे एचआयव्ही असलेल्या बायका येत.

एका सकाळी शिंपीणबाई आल्या. वर्षानुवर्षं नेमाने गोळ्या घेणाऱ्या या बाईंच्या रक्तात विषाणू पुन्हा वाढला होता. ताईंनी दारूचं विचारलं.

“एकच ग्लास घेते, तोही काम आटोपल्यावर.”

ताईंनी एक मोठा पेला पुढे ठेवला. “तुमचा ग्लास केवढा, पाणी ओतून दाखवता?”

बाईंनी पेला भरला. ताईंनी ते पाणी माझ्या रेघेपर्यंत ओतलं, मला तसराळ्यात रिकामं केलं, पुन्हा भरलं. चार वेळा.

“दारूचं एक माप म्हणजे एवढं. तुमचा एक ग्लास म्हणजे अशी चार मापं.”

बाई बघतच राहिल्या. “तरीच गोळी घ्यायच्या आधी डोळा लागतो,” त्या पुटपुटल्या. मग म्हणाल्या, “नवरा गेल्यापासून घर खायला उठतं हो, ताई.”

ताई रागावल्या नाहीत. “किती कमी करणं जमेल, ते तुम्हीच सांगा,” म्हणाल्या आणि ओठांवर आलेला सल्ला गिळून उत्तराची वाट पाहत थांबल्या.

“अर्धा पेला. आणि गोळी मशीनवरून उठायच्या आधीच.”

सगळं मिळून वीस मिनिटं लागली. नंतरच्या आठवड्यांत ताईंनी बाईंना दोनदा फोन केला. पुढच्या महिन्यात बाई मान खाली घालून आल्या. “दोन आठवडे जमलं. मग बहिणीशी वाजलं आणि सगळं पाण्यात गेलं.”

“दोन आठवडे जमलं ना? मग पुन्हा तिथूनच धरू.”

बाईंनी खरंच धरलं. संध्याकाळी त्या शेजारणीला शिवण शिकवू लागल्या. आधी अर्धा पेला, मग आठवड्यातले चार दिवस काहीच नाही. सहा महिन्यांनी अहवाल आला: विषाणू सापडण्याइतकाही उरला नव्हता. बाईंनी कागद दोनदा वाचला.

“ताई, हा माझाच ना?”

“तुमचाच. तुम्हीच मिळवलाय.”

आता टेबलावर नवा ग्लास आहे आणि मी कपाटात. त्याचं मला वाईट वाटत नाही. मित्रांनो, मला जपलं नाहीत तरी चालेल. पण तुमच्यातलं कुणी वाट चुकलं, तर ओरडण्याआधी त्याच्यासमोर बसा, विचारा आणि उत्तर येईपर्यंत थांबा. थांबणं किती कठीण असतं, ते मी ताईंच्या चेहऱ्यावर पाहिलं आहे.