डोळे उघडे हवेत

काकूंना रडू आलं नव्हतं, आणि ही बातमी एव्हाना वरच्या मजल्यापासून तळमजल्यापर्यंत पोचली होती. "अजून टिपूस नाही गं डोळ्यांतून," नणंद फोनवर कुणाला तरी सांगत होती. काकू पलीकडेच भांडी विसळत होत्या, मध्ये नुसता एक पडदा. सांगू दे बापडीला. तिचा भाऊ गेला होता, तिला बोलून मोकळं व्हायचं होतं. काकूंना तिचा रागसुद्धा आला नाही. त्यांनी कढई पालथी घातली आणि हात पुसले.

नवरा वेल्डर. कारखान्यातच गेला. काम झालं, तोंडावरचा मुखवटा काढला, जरा टेकतो म्हणाला, तो टेकलाच. काकू पोचल्या तेव्हा कुणीतरी त्याला बाकावर निजवलं होतं. डोळे मिटलेले. जवळची माणसं म्हणाली, रडा वहिनी, रडून घ्या. पण रडा म्हटल्यावर रडायला तो काय नळ आहे? त्या दिवसापासून काकू वेळेवर उठत होत्या, वेळेवर जेवत होत्या, भाजीत मीठसुद्धा बरोबर पडत होतं. याचंच त्यांना भय वाटायचं. इतकी वर्षं ज्याच्यासोबत काढली, त्याच्यासाठी आतून काही म्हणजे काही हलत नाही, म्हणजे आपण माणूस आहोत की दगड?

समोरच्या भिंतीवर फोटो होता. येणारा जाणारा त्याच्यापुढे थबकायचा. "अगदी समोर बसलेत असं वाटतं हो!" "आत्ता बोलतील!" नणंद तर रोज रुमाल डोळ्यांना लावायची. काकूही बघायच्या. बघायच्या आणि मनात यायचं, हा कोण बुवा? भला माणूस दिसतोय, पण हा आपल्या घरात काय करतोय? आता हे सांगणार कुणाला? नवऱ्याचा फोटो ओळखीचा वाटत नाही म्हटलं असतं, तर मुलाने त्यांना उचलून डॉक्टरकडेच नेलं असतं.

त्या फोटोचं मात्र सांगायला हवं. वेल्डरचा उभ्या जन्मात एक फोटो धड आला नव्हता. ठिणगी उडायच्या आत मान झटकून मुखवटा खाली पाडायचा आणि डोळे मिटायचे, हे त्याच्या अंगात असं मुरलं होतं की कुणी नुसता कॅमेरा रोखला तरी मान हलायची आणि पापण्या मिटायच्या. लग्नाच्या फोटोत मिटलेल्या. मुलाला पहिल्यांदा मांडीवर घेतलं त्या फोटोत मिटलेल्या. बाळ टकामका बघतंय आणि बाप झोपलाय! दर वेळी काकू ओरडायच्या, "अहो, डोळे उघडा ना!" आणि तो मिटल्या डोळ्यांनी म्हणायचा, "उघडेच आहेत की."

मग मुलाला लांबच्या शहरात नोकरी लागली. तो जाण्याआधी तिघांचा एक चांगला फोटो हवाच, असा काकूंनी हट्ट धरला. "फोनवर काढ की," वेल्डर म्हणाला. "मला काय दाखवायला न्यायचंय?" पण काकूंनी डोक्यात घेतलं की घेतलं. चांगला शिकलेला, नाव असलेला फोटोवाला गाठला. पैसे सांगितले तेवढे मोजले. त्याचं काही नाही, पैसे काय, येतात आणि जातात.

फोटोवाला पोरसवदा, पण बोलायला गोड. मोठमोठे दिवे, पांढऱ्या छत्र्या, मध्ये स्टुलावर वेल्डर, इस्त्रीच्या शर्टात अवघडून बसलेला. एक, दोन म्हटलं की याची मान हलायची. दिवे बदलून झाले, आकडे न मोजता काढून झालं, गप्पांत गुंतवून झालं. फोटोवाल्याला घाम फुटला. शेवटी वेल्डरच ओशाळून म्हणाला, "मी होतो बाजूला. तुम्ही दोघं काढा, छान येईल."

"काही नको बाजूला व्हायला," काकू कडाडल्या. आणि फोटोवाल्याला म्हणाल्या, "तुम्ही काय वाट्टेल ते करा. पण यांचे डोळे उघडे हवेत."

"होऊन जाईल, काकू. निश्चिंत राहा."

आणि खरंच झालं. फोटो आला तो डोळे उघडे! टपोरे, स्वच्छ, सरळ समोर बघणारे. काकूंना आभाळ ठेंगणं झालं. अख्ख्या जिन्याला त्यांनी तो दाखवला. वेल्डरने मात्र तो हातात घेऊन बराच वेळ बघितला आणि म्हणाला, "बरा दिसतोय की हा." काकू हसल्या. स्वतःलाच 'हा' म्हणतात, काय माणूस आहे!

पुढे जे केलं ते काकूंनी आपल्या हाताने केलं. एकदा चांगला आल्यावर ती जुनी आंधळी कोशिंबीर कशाला जपायची, म्हणून अल्बममधले सगळे मिटलेले फोटो काढून फाडले. फोनमधले जागा अडवतात म्हणून पुसले. वेल्डर बाजूलाच चहा पीत बसला होता. "फाड, फाड," म्हणाला. "बघायला मी आहेच."

आता तो नव्हता. ओळखपत्र कारखान्याने परत घेतलं होतं. घरात राहिला होता तो एकच फोटो, तिघांतून त्याला एकट्याला मोठा करून भिंतीवर लावलेला, भला माणूस.

एके दुपारी काकू कुणाला न सांगता बाहेर पडल्या आणि फोटोवाल्याच्या दुकानात गेल्या. त्याने ओळखलं, खुर्ची दिली, झालेलं ऐकून मान खाली घातली.

"त्या दिवशीचा दुसरा एखादा द्या," काकू म्हणाल्या. "कसाही चालेल."

"बाकीचे नाही ठेवत आम्ही, काकू. किती साठवणार? निवडलेला तेवढा ठेवतो, उरलेले काढून टाकतो." त्याने कॉम्प्युटरवर तोच फोटो उघडला. "का, यात काही बिघडलंय का?"

काकू पडद्याकडे बघत राहिल्या. "डोळे," त्या म्हणाल्या. "यांचे असे नव्हते. यांचे लाल असायचे जरा. कडेला सुरकुत्या होत्या."

फोटोवाला गोंधळला. "काकू, ते त्यांचे नाहीतच ना. मला वाटलं, तुम्हाला ठाऊक आहे. तुम्हीच म्हणालात, काय वाट्टेल ते करा. त्यांचा एकही उघडा मिळेना, म्हणून मुलाचे घेऊन बसवले. ठेवण सारखीच होती, थोडं वय चढवलं."

"मुलाचे," काकू म्हणाल्या. त्यांना धक्का बसायला हवा होता. बसला नाही. भाव विचारून झाल्यावर माणूस पुढचं विचारतो, तसं त्यांनी विचारलं, "काढता येतात का?"

"येतात की. मूळचा फोटो खाली तसाच असतो. हे वरून चिकटवल्यासारखं असतं."

त्याने एक बटण दाबलं. मुलाचे डोळे गेले.

आणि खाली तो होता. मान किंचित झुकलेली, पापण्या मिटलेल्या, डाव्या पापणीवर ठिणगीचा बारीक डाग. याच पापण्यांवर काकूंनी किती वेळा ओल्या फडक्याची घडी ठेवली होती, डोळ्यांची आग होते म्हणून तो तळमळायचा तेव्हा. उघड्या डोळ्यांनी तो जगाकडे बघायचा. काकूंच्या हातात यायचा तो असा. हा चेहरा त्यांना अंधारात बोटांनीही ओळखता आला असता. आणि तो त्यांनी फाडला होता, एकेक करून, त्याच्यादेखत.

काकूंच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "अहो, डोळे उघडा ना."

फोटोवाल्याला वाटलं, आपल्यालाच सांगतायत. त्याने झटकन बटण दाबलं. तो भला माणूस परत आला आणि टपोऱ्या डोळ्यांनी बघू लागला.

"तुम्हाला नाही हो!" काकू ओरडल्या. "यांना म्हणाले मी! मिटा ते, आधी मिटा!"

त्याने मिटले. काकू मागे सरल्या तर पायाला स्टूल लागलं, तेच, त्या दिवशीचं. त्यावर त्या बसल्या आणि हुंदका आला तो आवरेचना. एवढ्या मोठ्याने रडल्या की फोटोवाल्याने उठून दुकानाचं दार लोटून घेतलं.