भटकणे या शब्दाचा अर्थ

ते पत्र मला आलं त्याला पुढच्या महिन्यात वर्ष होईल. पाकिटावर मुलींच्या सुधारगृहाचा शिक्का होता. आत वहीतून फाडलेला एकच कागद.

‘सर, कोर्टात म्हणाले मी भटकते. तुमच्या मोठ्या शब्दकोशात बघून सांगाल का? मला वाटतं, भटकणं म्हणजे कुठंच जायचं नसताना फिरणं. मी तर रोज एकाच ठिकाणी येत होते. हे न्यायाधीशांना लिहून कळवाल का? इथं जेवण बरं आहे. रडणाऱ्या मुलीला वेगळ्या खोलीत कोंडतात, म्हणून मी रडत नाही. नेरिसा गिटन्स.’

शब्दकोश मी त्याच दिवशी उघडला. तिचं बरोबर होतं. उत्तर मात्र लिहिलं नाही.

आमच्या या बेटावरच्या गावच्या वाचनालयात मी एकतीस वर्षं काम केलं. निवृत्त झाल्यावरही मला तिथंच बसू देतात, कारण दुसरं कुणी मिळत नाही. नेरिसा चौदा वर्षांची होती. शाळा सुटली की तीनला यायची, खिडकीपाशी बसायची आणि सहाला मी दिवे मालवू लागलो की सगळ्यांत शेवटी उठायची.

“आणखी पाच मिनिटं, सर.”

“अगं, घरी वाट बघत असतील.”

“मम्मी हॉटेलातून सातला येते. तोवर घरी कार्लाइलच असतो.”

कार्लाइल म्हणजे तिच्या आईबरोबर राहणारा माणूस. त्याचं नाव ती खाली बघून घ्यायची. मी ऐकलं आणि खिडक्या लावायला उठलो. पुस्तकातल्या अशा वाक्यांचा अर्थ मला चटकन कळतो.

पुढचा तासभर ती बसथांब्यावर काढत असे. एकदा मैत्रिणीकडे गेली आणि घरी पोचायला नऊ वाजले. दुसऱ्या दिवशी तिची आई वेल्मा वाचनालयात आली. हॉटेलच्या धुलाईखान्यातून तशीच आली होती, हातांना साबणाचा वास.

“होल्डरसाहेब, पोरगी हाताबाहेर चालली हो. काल माझा जीव थाऱ्यावर नव्हता.”

“ठाण्यात सांगून ठेवा, मिस वेल्मा,” मी म्हणालो. “मुलं शोधणं त्यांचं कामच आहे.”

“पोलिसात? लोक काय म्हणतील?”

“कागदावर नोंद असलेली बरी.”

कागदावर माझा फार विश्वास.

ठाण्यातला हवालदार प्रेमानं बोलला, असं वेल्मानं मला नंतर सांगितलं. पोरगी ऐकत नाही का? नाही ऐकत. सांगितल्या वेळी घरी येत नाही? नाही. मग इथं सही करा, बाई. पोर शोधून द्या म्हणून ती गेली होती. सही झाली ती पोर भटकते या तक्रारीवर. आमच्याकडे अल्पवयीन पोरीनं भटकणं हा कायद्यानं गुन्हा आहे. दोन्ही तक्रारी एकाच टेबलावर लिहितात. कित्येक आया तर हे जाणूनबुजून करतात. ‘जरा धाक बसू दे मेलीला,’ म्हणतात, आणि दोन दिवसांनी पोर परत मिळेल अशी वाट बघतात. मुलगे अंधार पडेपर्यंत मैदानात चेंडू लाथाडतात, त्याला कुणी भटकणं म्हणत नाही.

बसथांब्यावरून नेरिसाला पोलिसांनी तीनदा उचललं. तिसऱ्यांदा कोर्ट. न्यायाधीशांनी आईला विचारलं, हिला घरी नेता का? वेल्मानं कार्लाइलकडे पाहिलं. त्यानं मान हलवली, नाही. मग सुधारगृहात तीन वर्षं.

मी गप्प का राहिलो? एकटा म्हातारा पुरुष चौदा वर्षांच्या मुलीसाठी कोर्टाला पत्र लिहितो म्हटल्यावर गाव काय बोलेल, ही एक भीती. दुसरी भीती अशी, की कुणीतरी विचारेल, त्या आईला ठाण्याची वाट दाखवली कुणी?

गेल्या शनिवारी वेल्मा पुन्हा आली. कागदात गुंडाळलेला नारळाचा पाव तिनं टेबलावर ठेवला.

“कार्लाइलला काढला घराबाहेर. त्याचे बूटसुद्धा रस्त्यावर फेकले. उशीर केला मी, साहेब.”

“नेरिसा कशी आहे?”

“भिंत चढून पळाली. कुठं धरली माहितेय? आपल्याच बसथांब्यावर. घरी येत होती हो. आता अकरा दिवस झाले, त्या कोंडायच्या खोलीत आहे. रविवारी गेले तर माझ्याकडं नुसतं बघितलं. रडतसुद्धा नाही.” तिनं पावाच्या कागदाची घडी सारखी केली. “येत्या गुरुवारी परत कोर्ट आहे. पळाली म्हणून अठराची होईपर्यंत ठेवतील म्हणतात. मी काय बोलणार? सही माझीच. तुम्ही चला. तुमच्या शब्दाला वजन आहे.”

“माझ्या?”

“तर काय! केवढा जाड चष्मा आहे तुमचा.” ती हसली आणि लगेच थांबली. “तिनं तुम्हाला पत्र धाडलं होतं म्हणे. पोचलं नाही ना?”

“पोचलं.”

वेल्मानं पावावरचा हात काढून घेतला.

“मग?”

ती गेल्यावर मी कागद घेतला. चार कागद फाडले. पाचव्यावर लिहिलं:

‘प्रिय नेरिसा, तुझा अर्थ बरोबर आहे. भटकणं म्हणजे कुठंच जायचं नसताना फिरणं. तू रोज तीन ते सहा माझ्यासमोर बसत होतीस, हे मी गुरुवारी कोर्टात उभा राहून सांगणार आहे. तुझ्या आईला ठाण्यात जायला मीच सांगितलं, हेही सांगणार आहे. घरी कोण असतं ते तू मला सांगत होतीस आणि मी खिडक्या लावत होतो, हेही. चारचौघांत माझा आवाज फुटत नाही, म्हणून सगळं लिहून नेईन आणि वाचून दाखवीन. तुझी आई माझ्याबरोबर असेल. तुला घरी न्यायला ती तयार आहे, घरात आता दुसरं कुणी नाही. उत्तराला वर्ष लावलं, त्याला माझ्याकडे सबब नाही. तुझा, ई. होल्डर.’

रडू आलं तर रड, असं शेवटी लिहायचं होतं. पण त्या खोलीची आठवण झाली आणि लिहिलं नाही.

मुलींना आलेली पत्रं सुधारगृहातल्या मुख्य बाई आधी स्वतः उघडून वाचतात. म्हणून अक्षर मोठं आणि सुटं काढलं. त्यांनाही नीट वाचता यावं. तिकीट लावलं, आणि टपालाची दुपारची गाडी यायच्या आत पत्र पेटीत टाकलं.