पेटीतली पावती

सुपा धरणाच्या पाण्यात बुडालेलं आमचं घर अजून सरकारकडे गहाण आहे, हे मला वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, रामनगरच्या बँकेतल्या बाकावर बसून कळलं.

घरकर्ज पाहणारे शिवानंद साहेब माझ्या प्लॉटचा उतारा उलटसुलट करत होते. "दत्तप्रसाद, तुमच्या आज्जानं धरणाआधी छपरासाठी सरकारी कर्ज घेतलं होतं. घराच्या बदल्यात प्लॉट मिळाला, तेव्हा बोजाही इकडं आला. फेडल्याची पावती पुनर्वसन कचेरीत कुणी दिलीच न्हाई."

"ती कचेरी कुठे आहे?"

"बंद होऊन तीस वर्षं झाली. पावती असली तर उद्या दुपारपर्यंत आणा. बोजा उतरवायला मी तालुक्याला लिहितो, पण फाइल उद्या वर गेली न्हाई, तर सरकारी व्याजसवलत यंदा गेली. आणि सवलतीशिवायचा हप्ता तुम्हाला झेपत न्हाई."

मी मान डोलावली. माझ्या भिडस्त स्वभावाला एवढंच जमतं. घराकडे चालताना मनात आलं: सरकारनं आम्हाला छप्पर दिलं, मग त्यावर पाणी आणलं, मग प्लॉट दिला, आता ते नव्या घराची हमी घेतं, विमाही उतरवून देतं. तीन पिढ्या ते आमच्या घरातच राहत आलं आहे. फक्त त्याची चूल वेगळी. उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरलं की जुन्या गावाच्या भिंतींच्या रेघा वर येतात. त्यातली एक आमची असेल, असं मला नेहमी वाटायचं.

पत्र्याच्या खोलीत गिरजा आत्या उकडलेले कणगांचे कंद सोलत होती. ती माझ्या वडिलांची थोरली बहीण. आई-वडिलांच्या पश्चात आम्ही दोघंच. नव्या घरात तिला एकच गोष्ट हवी होती: धरणाच्या दिशेला उघडणारी खिडकी.

"आत्या, आज्जानं छपराचं कर्ज फेडलं होतं?"

"फेडलं न्हाई तर! बैलजोडी विकली त्यापायी. कारकुनानं कागुद दिला, म्हणाला, लाडबा, जपून ठेव. आज्जाला वाचता येत न्हवतं. त्यानं जपला."

"कुठे?"

तिनं देवघराकडे हनुवटी उडवली. तिथल्या पितळी पेटीला आम्ही दर दसऱ्याला हळदकुंकू वाहत होतो. आत देवीचा टाक असेल, अशी माझी आयुष्यभराची समजूत. मी पेटीकडे हात नेला.

"थांब की! आज्जानं शपथ घातलीया, उघडायची न्हाई म्हणून. कौल लावते."

अंघोळ करून तिनं देवीच्या पाषाणाला दोन्ही बाजूंनी ओल्या अबोलीची फुलं चिकटवली. उजवं आधी पडलं तर होय, डावं पडलं तर नाही. ती डोळे मिटून पुटपुटली, "माये, पेटी उघडू काय?"

आम्ही वाट पाहिली. बाहेर कुणाची तरी मोटारसायकल गेली. टप्. डावं.

"संपलं," मी म्हणालो.

"तुझं काय संपलं? खुळा हायस. पोरासारखी एकदा रुसली तर परत इचारायचं न्हाई व्हय?" तिनं फुलं परत चिकटवली, या वेळी आवाज चढवून. "माये, मग हे पोर पत्र्याखाली भाजत ऱ्हावं, आणि पेटी अशीच बंद ठेवू काय?"

बराच वेळ काही झालं नाही. मग पुन्हा टप्. पुन्हा डावंच.

आत्यानं विजयी मुद्रेनं माझ्याकडे पाहिलं. "बघ. बंद ठेवायची न्हाई म्हणती. आण ती किल्ली."

आत तांदळाच्या दाण्यांत घडी घातलेला कागद होता. हळदीनं कडा पिवळ्या झाल्या होत्या; पण शिक्का स्पष्ट होता, आणि त्याखाली शाईत लिहिलं होतं: कर्ज पूर्ण फिटले.

दुसऱ्या दिवशी शिवानंद साहेबांनी पावती हातात घेतली, वास घेतला, आणि नकळत कपाळाला लावली. मग ओशाळून हसले. "अशी कागदपत्रं आमच्याकडं येत न्हाईत. फाइल आजच वर धाडतो. पण ही अस्सल इथंच ठेवावी लागणार."

"आणि पेटी रिकामी ठेवू व्हय?" सोबत आलेली आत्या गरजली.

मी, जो कधी बँकेत दोन वाक्यंही बोललो नव्हतो, पुढे झालो. "साहेब, एक झेरॉक्स काढून द्या."

"देवीला झेरॉक्स चालंल?" साहेबांनी आत्याला विचारलं.

"चालंल की. नजर कमी झालीया तिची." आत्या पदर खोचत म्हणाली. "आणि दत्ता, हे नवं कर्ज फिटलं की पावती आधी कचेरीत द्यायची. मग पेटीत. आज्जावाणी करू नको."

खिडकीचं माप घ्यायला गवंडी सोमवारी आला. आत्या त्याच्या पाठीमागे उभी राहून सांगत होती, "अजून थोडी डावीकडं. पाण्याकडं." मी टेपचं टोक धरून उभा होतो, आणि हसू आवरत नव्हतं.