कुलूप लावलेलं नव्हतं

साबणाच्या कारखान्यात नवी माणसं लागली की पहिल्या दिवशी त्यांना नियमरावच्या ताब्यात दिलं जाई. नियमराव हे काही त्याचं खरं नाव नव्हे. पण कारखान्यात, चर्चमध्ये, इतकंच काय बहिणीच्या घरातही सगळे त्याला हेच म्हणत. खऱ्या नावाने कुणी हाक मारली असती तर कुणाला बोलावताहेत म्हणून त्यानेच मागे वळून पाहिलं असतं.

"हे कुलूप," तो नव्या माणसांना सांगायचा. "प्रत्येकाला एक. किल्ली एकच, ती तुमच्याच खिशात. मिक्सरमध्ये हात घालायचा असेल तर आधी विजेचा खटका पाडायचा, खटक्याला आपलं कुलूप लावायचं, मगच हात आत. कुलूप लटकत असेल तर खटक्याला प्रत्यक्ष मालकानेही हात लावायचा नाही. कुलूप नसेल तर घंटा द्यायची आणि यंत्र चालू करायचं. एका कामगाराने कुलूप लावलं नव्हतं. त्याचा उजवा हात मनगटापासून गेला."

नवी माणसं माना डोलवायची. एखादा आपल्याच मनगटाकडे बघायचा. उद्या ढग असतील की ऊन हे सांगावं, तसं नियमराव ते सांगायचा. ज्या कामगाराचा हात गेला तो त्याच्या सख्ख्या थोरल्या बहिणीचा नवरा, म्हणजे त्याचे दाजी, आणि बटण दाबणारा तो स्वतः, हे त्यात सांगायचं नसे. जुन्या लोकांना ते माहीत होतं. आणि जुने लोक म्हणत, बिचाऱ्याचा काय दोष? नियमाप्रमाणेच वागला ना तो.

दोष कसा असेल? नियमरावच्या अंगात दोष शिरायला फटच नव्हती. रविवारी उपासनेला पहिल्या बाकावर तो पहिला. दाजी मात्र पहिलं गाणं संपता संपता यायचे, दार करकरवायचे, आणि उरलेलं गाणं सगळ्यांपेक्षा मोठ्याने आणि सगळ्यांपेक्षा वेगळ्या सुरात म्हणायचे. त्या दोघांचा एक वाद तर कायमचाच होता. "देवाने आज्ञा दिल्या त्या काय भिंतीला शोभा म्हणून?" असं नियमराव विचारायचा. दाजी म्हणायचे, "अरे, आज्ञांनी एवढंच कळतं की आपण किती मळलोय. धुणारा वेगळाच आहे." साबणाच्या कारखान्यातला माणूस दुसरी कुठली उपमा देणार! नियमरावला ही सगळी पळवाट वाटायची. कृपा कृपा म्हणायचं आणि वाटेल तसं वागायचं, अशा माणसांना देवाने दारातून आत घेतलं तरी मागच्या दारातून घेतलं असेल, असं त्याचं आतल्या आत मत होतं.

कारखान्यातही दाजींचं कुलूप खटक्यापेक्षा कमरेच्या पट्ट्यालाच जास्त लटकायचं. "कुलूप लावून काढेपर्यंत साबणाचे दोन गोळे खरवडून होतात," असं म्हणायचे. नियमराव सांगून सांगून थकला होता. पालथ्या घड्यावर पाणी.

त्या सकाळी मिक्सर बंद होता. नियमराव बटणांच्या फळीपाशी आला. खटक्याला कुलूप नव्हतं. मिक्सर उंच पायांवर उभा असतो, आणि त्या पायांमधून पलीकडे त्याला एका माणसाचे पाय दिसले, गुडघे टेकलेले, टाचा तुडवलेल्या बुटांतले. तसे बूट कारखान्यात एकाच माणसाचे. दाजी खालच्या झडपेतून हात आत घालून पात्याला चिकटलेला साबण खरवडत होते.

नियमराव थांबला. त्याला राग आला. साधा राग नव्हे, बरोबर असलेल्या माणसाचा राग, जो फार गोड असतो. आज याला एकदा अद्दल घडायलाच हवी, असं त्याच्या मनात आलं. मिक्सर जरासा सरकवायचं एक वेगळं बटण असतं. पातं वीतभर हलेल, हे दचकून ओरडतील, सगळे हसतील, आणि उद्यापासून कुलूप लागेल. त्याने आधी घंटा दिली. घंटा दिल्याशिवाय बटण दाबणं त्याच्या हातून झालंच नसतं. कारखान्यात घंटा दिवसभर कुठे ना कुठे वाजतच असते, तिच्याकडे कोण बघतो? मग त्याने बटण दाबलं आणि सोडलं.

हात तोडायचा नव्हता त्याला. हे खरं आहे. हात आत आहे हे त्याला माहीत होतं, हेही तितकंच खरं आहे. हे दुसरं खरं आपल्याशिवाय कुणालाच माहीत नाही, असं तो धरून चालला होता.

चौकशी झाली. कुलूप होतं का? नव्हतं. घंटा दिली होती का? दिली होती, चार जणांनी ऐकली होती. नियमराव खोटं एक अक्षर बोलला नाही. त्याला माहीत होतं का, हे त्याला कुणी विचारलंच नाही. दाजींनी इस्पितळातून जबाब दिला की चूक माझी, कुलूप मी लावलं नव्हतं. कारखान्याने नियमरावला पिवळी टोपी दिली आणि सुरक्षेचं काम त्याच्याकडे सोपवलं.

तेव्हापासून त्याला काही वाटेनासं झालं. दुःख वाटतंय आणि लपवतोय, असं नव्हे. वाटतच नव्हतं. चहा गरम आहे की गार, हे कप रिकामा झाला तरी कळायचं नाही. एकदा नडगी लोखंडी कडेला आपटली आणि मोजा रक्ताने चिकटला तेव्हा लक्षात आलं. आज्ञा तो मनात पुन्हा पुन्हा म्हणून बघायचा. कुणाला मारलं नाही. चोरी केली नाही. खोटी साक्ष दिली नाही. एकही आज्ञा त्याला पकडत नव्हती, आणि कुणीतरी आपल्याला पकडावं एवढीच एक इच्छा त्याच्यात जिवंत होती.

ती घेऊन तो साहेबांकडे गेला.

"साहेब, मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"दाजींचा हात आत आहे ते."

साहेबांनी उठून दार लावलं. "घंटा दिली होतीस ना?"

"दिली होती."

"मग झालं तर. मिटलेलं प्रकरण आहे, उगाच उकरू नकोस. सुट्टी घे दोन दिवस. झोप नीट होत नसेल तुझी."

झोप अगदी नीट होत होती, हीच तर पंचाईत होती.

दर शनिवारी दुपारी ताई त्याला जेवायला बोलवायची. तो जायचा, वाढलेलं खायचा, ताट विसळून ठेवायचा. साहेबांकडे जाऊन आला त्या शनिवारी तो थोडा लवकर गेला. ताई स्वयंपाकघरात होती. दाजी पलंगाच्या कडेला बसून डाव्या हाताने सदऱ्याची बटणं लावत होते. उजव्या बाहीचं टोक आत दुमडलेलं होतं.

नियमराव समोरच्या खुर्चीवर बसला. "दाजी, त्या दिवशी मला माहीत होतं."

दाजींनी मान वर केली नाही. बटण काजाच्या तोंडाशी येऊन निसटलं. "माहीत आहे मला."

"काय माहीत आहे?"

"तुला माहीत होतं ते. पलीकडे तुझे बूट दिसत होते की मला. पॉलिश केलेले बूट घालून साबणाच्या चिखलात येतो कोण तुझ्याशिवाय? आलास, थांबलास. मग घंटा झाली."

"मग हात का नाही काढलात?"

दाजींनी पुन्हा बटण चिमटीत धरलं. "म्हटलं, नियमराव आहे फळीपाशी. म्हणजे काळजी नाही."

नियमरावने हे ऐकलं. शब्द आत जाऊन कुठेतरी पडले, पण पडल्याचा आवाज आला नाही. तो म्हणाला, "तुम्ही चौकशीत असं सांगितलं नाहीत."

"त्यांनी विचारलं होतं, बटण दाबणाऱ्याला माहीत होतं का. मी म्हटलं, नाही."

"खोटं बोललात?"

"शपथेवर!" दाजी हसले, पण फार नाही. "वाटलं, औषधाच्या गुंगीत बोलून गेलो. घरी आल्यावर साहेब पुन्हा आले, तोच प्रश्न विचारला. पूर्ण शुद्धीत होतो तेव्हा. पुन्हा नाही म्हटलं. आता तूच सांग, याला कुठला नियम लावायचा?"

"का पण?"

"ते मलाच नीट कळलेलं नाही, तुला काय सांगू! मी काही संत नाही रे. सुरुवातीला तर रोज सकाळी ठरवायचो, आज सांगतो आणि याला आत टाकतो. तुझं नाव काढलं की तुझ्या बहिणीवर खेकसायचो. आणि वेळ आली की तोंडातून नाहीच यायचं."

"तर आता सांगा. मी सही करतो. माझ्याविरुद्ध तक्रार करा."

"तुला बरं वाटेल?"

"हो."

"म्हणजे ती तुझी सोय झाली. माझा हात थोडाच उगवणार आहे?"

शिक्षा मागायला आलेल्या माणसाला शिक्षाही मिळू नये! सरळ हिशोबी माणूस तो, त्याला कुठून धरावं हेच कळेना. शेवटी म्हणाला, "ताईला सांगू नका."

"ताईला काय सांगू नका?" ताई दारात उभी होती, हातात पळी. "मी पाय हलवत बसते म्हणून लहानपणी माझी वेणी खुर्चीला कुणी बांधली होती? उठले तर खुर्ची अंगावर घेऊन पडले होते मी. तेव्हा तू भिंतीला टेकून जसा उभा होतास ना, तसाच त्या दिवशी इस्पितळात उभा होतास. तोंड बघितलं आणि ओळखलं मी."

"आणि तरी दर शनिवारी..."

"हो, बोलावलं. पहिल्यांदा वाढताना वाटत होतं, ते ताट तुझ्या टाळक्यात घालावं. तू खाली मान घालून जेवत होतास, तुला काय दिसणार?" तिने पळीने आत खूण केली. "चला, गार होतंय."

ते सगळे शनिवार त्याने चोराच्या मनाने खाल्ले होते, तिला माहीत नाही म्हणून. तिने जाणूनबुजून वाढले होते. त्याला हे कळलं, पूर्ण कळलं, आणि तरी वाटलं काहीच नाही. तेव्हा मात्र आपलं हे कायमचं झालं की काय, अशी शंका त्याला आली.

"उद्या आमच्या बाकावर बस," दाजी जेवताना म्हणाले.

रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजन होतं, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून सगळ्यांनी एक भाकर वाटून खायची. अपघातापासून नियमराव भाकर फिरायला लागली की मागच्या दाराने निघून जायचा. आज एका बाजूला भिंत आणि एका बाजूला दाजी, त्यामुळे निघायला वाटच नव्हती.

त्यांच्या मंडळीत भाकर स्वतःच्या हाताने घ्यायची नसते. एक अखंड भाकर बाकांवरून फिरते, आणि प्रत्येक जण शेजाऱ्यासाठी तुकडा तोडून त्याच्या हातावर ठेवतो. तुकडा अंगठ्याच्या नखाएवढा, म्हणजे शेवटच्या माणसापर्यंत पुरते. हा नियम अर्थातच नियमरावने घालून दिला होता, आणि कुणाचा तुकडा मोठा झाला तर पहिल्या बाकावरून तो मागे वळून बघायचा.

ताईने दाजींना तुकडा दिला आणि उरलेली भाकर त्यांच्या मांडीवर ठेवली. आता दाजींनी नियमरावला द्यायची. त्यांनी डाव्या हाताने तोडायचा प्रयत्न केला. भाकर मांडीवरून घसरायला लागली. उजवं मनगट त्यांनी वरून दाबून पाहिलं, तरी ती सरकलीच. मागचे लोक खोळंबले.

"धर ना," दाजी कुजबुजले.

नियमरावचे हात जागचे हलेनात.

"अरे, दोन्ही हातांनी धर. तू धरल्याशिवाय मला देता येणार नाही."

त्याने भाकर धरली. दाजींनी बोटं रोवली आणि ओढली. अर्धी मूठ भरेल एवढा ओबडधोबड लचका निघाला, कडेने चुरा गळत होता. दाजींनी तो त्याच्यापुढे केला.

"फार मोठा आहे," नियमराव म्हणाला.

"मला आता मोजून तोडता येत नाही," दाजी म्हणाले. "घे."

त्याने तो घेतला आणि सगळाच्या सगळा तोंडात घातला. एवढा घास चावायला वेळ लागतो. पाळक प्रार्थना संपवून उभे राहिले, मंडळी गाण्याला उठली, दाजींनी आपल्या वेगळ्या सुरात सुरुवात केली, तरी तो बसूनच चावत होता. मध्येच त्याचा श्वास अडला. ताईला वाटलं घास अडकला, म्हणून ती दाजींच्या मागून वाकून त्याच्या पाठीवर थापा मारायला लागली. घास अडकला नव्हता. तोंड भरलेलं असल्यामुळे त्याला रडायला नाकाशिवाय वाट नव्हती.